मोगरा पावडरीची फिर्याद आणि उचगावचे कुलूप

कोल्हापूरला लोक देवीच्या दर्शनास जातात, चपला घेण्यास जातात, रस्सा ओरपण्यास जातात. मी भांडण्यास गेलो. माझ्या पिशवीत दोन सदरे, औषधांची डबी आणि फीत बांधलेली एक फाईल होती. फाईलीत मी पाठवलेल्या चार पत्रांच्या स्थळप्रती, चार पोचपावत्या आणि आंतर्देशीय पत्रावर आलेले एकमेव उत्तर. याखेरीज कागदात गुंडाळून, दोऱ्याने आवळून, गाठीवर लाख लावलेला मोगरा पावडरीचा एक डबा. तोच माझा मुद्देमाल.

नव्वदचे दशक सरत आले होते आणि मला निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती. कामगार न्यायालयात मी एकतीस वर्षे नोकरी केली. शेवटची नऊ वर्षे शिरस्तेदार होतो. दगडखाणीतल्या आणि ओतकामाच्या भट्ट्यांवरच्या माणसांच्या जबान्या मी स्वतःच्या हाताने लिहून घेतल्या आहेत. चाळिशीतला माणूस आमचा जिना तीनदा थांबून चढत असे आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वी कठडा धरून श्वास गोळा करीत असे. त्याच्या वैद्यकीय दाखल्यावर एकच शब्द परत परत येई : सिलिका. गारगोटीची, वाळूची धूळ. ती फुप्फुसात शिरली की परत निघत नाही.

हाच शब्द एके दिवशी मला माझ्या पत्नीच्या पावडरच्या डब्यावर, घटकांच्या यादीत, बारीक अक्षरांत दिसला. उत्पादक : मगदूम, उचगाव, जिल्हा कोल्हापूर. माणसांचे श्वास घेणारी वस्तू बायकामुलांच्या तोंडाला फासण्यासाठी डब्यात भरून विकली जाते आणि वर तसे छापण्याचे धारिष्ट्यही केले जाते, हे पाहून माझा संताप अनावर झाला. पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, आधीच्या डब्याचा वास संध्याकाळपर्यंत राहायचा. ह्याचा दुपारीच उडतो, आणि हाताला जरा कचकच लागते." वासाचा मुद्दा मला गौण वाटला. मी तो पत्रात घेतला नाही.

चौथ्या पत्रात मी ग्राहक मंचाकडे जाण्याची नोटीस दिली. त्यावर उत्तर आले ते असे :

"पावणं, चार पत्रं लिवलीसा. आमच्यात एवढं कुणी लिवत न्हाय. एकदा येऊन डोळ्यानं बघा. जेवायलाच या. आमचं चुकलं असंल तर तुमच्या समोर कुलूप लावतो. अ. भ. मगदूम."

प्रतिपक्षाने लेखी कबूल केलेले हे कुलूप वाचून माझा आनंद लपेना. दुसऱ्याच दिवशी मी नाशिकहून कोल्हापूरच्या गाडीचे आरक्षण केले.

पहिला दिवस : म्हैस, पोते आणि काच

पहाटे उतरलो तेव्हा हवेत गारवा होता आणि उसाच्या गाड्यांमुळे रस्त्यावर जागोजागी पाचट पडलेली होती. रिक्षावाल्याने विचारले, "पावणं, कुठं जायाचं?" या शहरात परक्या माणसाला पाहुणा म्हणतात. आमच्याकडे त्याला "ओ काका, बाजूला व्हा" असे म्हणतात. मी उचगाव सांगितले आणि भाडे मीटरप्रमाणे देईन, असेही बजावले. तो म्हणाला, "मीटर हाय की. बंद हाय. पन आदी दूध प्या, मग भांडू."

मग त्याने मला जेथे नेले तो प्रकार मी जन्मात पाहिला नव्हता. भर रस्त्याच्या कडेला, कट्ट्याजवळ, चारपाच म्हशी उभ्या होत्या. गिऱ्हाईक पेला घेऊन उभे राहते, गवळी त्याच्यादेखत धार काढतो आणि तेच फेसाळ, कोमट दूध त्याच्या हाती देतो. दुधात पाणी मिसळण्यास जागाच उरत नाही. मी गवळ्याला विचारले, "शुद्धतेची हमी काय?" त्याने माझ्याकडे, मग म्हशीकडे पाहिले. "म्हस तुमच्या समोर हाय, मी तुमच्या समोर हाय. आनि काय दाखवू?" ग्राहकांच्या हक्कांसाठी मी आयुष्यात कितीतरी परिपत्रके वाचली, इतके नेमके कलम मला एकातही आढळले नव्हते. मी दोन पेले प्यालो. रिक्षाच्या भाड्याबद्दल मग माझा वाद टिकला नाही.

उचगाव म्हणजे शहराच्या काठाला लागलेले भलेमोठे गाव. मगदुमांचा कारखाना म्हणजे घराच्या परसात पत्र्याची लांबोडी शेड. दारात पन्नाशीतली एक ठेंगणी बाई उभी होती. मी म्हणालो, "श्री. मगदूम यांना बोलवा."

"मीच."

"अ. भ. मगदूम?"

"अक्काताई भूपाल मगदूम. तुमी चारी पत्रांत श्री. लिवलंसा. म्हटलं, आल्यावर सांगू."

या भागातल्या पुष्कळ स्त्रिया स्वतःविषयी बोलताना पुरुषासारखेच "मी आलो, मी लावतो" असे म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हते. मी माझी चूक तेथल्या तेथे मान्य केली. त्या म्हणाल्या, "या अण्णा, हातपाय धुवा." मी स्पष्ट केले की, मी त्यांचा अण्णा नसून तक्रारदार आहे. "बरं, तक्रारदार अण्णा. पाणी गरम हाय."

हे कुटुंब जैन. दिवस मावळल्यावर जेवण नाही आणि कांदा, लसूण, बटाटा ताटात नाही. कोल्हापूरच्या तिखटाच्या ज्या धमक्या मला नाशिकला मिळाल्या होत्या, त्यांच्या जागी ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, दही आणि शेंगदाण्याची चटणी समोर आली. प्रतिपक्षाकडे जेवावे की नाही याविषयी मी थोडा वेळ विचार केला. भाकरी गरम होती. मी जेवलो.

शेडमध्ये सहा बायका काम करीत होत्या, नाकाला पदर बांधून. त्यांतली शेवंता नावाची, उंच आणि तोंडाने फटकळ. एका कोपऱ्यात माणसाच्या छातीएवढे फुगलेले पोते होते. अक्काताई म्हणाल्या, "ही तुमची सिलिका. उचला."

मी वयाचा विचार करून पाय रोवले, कमरेत वाकलो आणि सगळा जोर लावून पोते ओढले. ते इतक्या सहज वर आले की मी पोत्यासकट मागे गेलो आणि शंखजिऱ्याच्या, म्हणजे टाल्कच्या, गोणीवर बसलो. शेवंता म्हणाली, "बसा की पावणं, खुर्ची बी हाय."

मला अपमान वाटायला हवा होता. वाटला तो अचंबा. एवढ्या आकाराचे वाळूचे पोते दोन हमालांनाही हलत नाही. मी अक्काताईंना प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरे दिली. "वाळू आनि सोडा भट्टीत वितळवत्यात, तवा काच हुत्या. ती काच पान्यात इरघळत्या. त्या पान्यात आसिड घातलं की दूध फाटल्यागत पांढरं खाली बसतंय. ते धुवायचं, वाळवायचं. कण बारका दिसतोय, पर आत नुसती भोकं. अत्तर त्या भोकांत जाऊन बसतंय आनि अंगाची ऊब लागंल तसं हळूहळू भाईर येतंय. घाम बी पितंय, तेल बी पितंय. आनि शंखजिऱ्याची गुठळी हुऊ देत न्हाय." त्यांचे पती अत्तराचे दुकान चालवीत असत. ते गेल्यावर उरलेले अत्तर कपड्यांना डाग न पाडता कसे विकावे, या विचारातून त्यांनी ही पावडर सुरू केली होती.

त्यांनी मुंबईच्या पुरवठादाराचे माहितीपत्रक पुढे केले. त्यातील एक ओळ वाचताना मी थांबलो. ही सिलिका स्फटिकी नाही, असे तेथे म्हटले होते. मला आमच्या डॉक्टरांच्या साक्षी आठवल्या. ते प्रत्येक वेळी "स्फटिकी सिलिका" असेच सांगत. लिहिताना वेळ वाचावा म्हणून पहिला शब्द मी गाळीत असे. वर्षानुवर्षे मी तो गाळला आणि शेवटी स्वतःच्या डोक्यातूनही गाळून टाकला. रेताड, टोकदार धूळ वेगळी आणि हा कापसासारखा चुरा वेगळा. अर्थात कोणतीही धूळ छातीत ओढू नये. बायकांचे पदर नाकाला होते, ते योग्यच होते. परंतु माझ्या चारही पत्रांचा पाया या एका ओळीने उखडला.

मी शिस्तीचा माणूस आहे. फिर्याद मागे घ्यायची तर मुद्देमाल परत केला पाहिजे. मी गाठीची लाख फोडून डबा अक्काताईंच्या हाती दिला आणि, केवळ नोंद पूर्ण व्हावी म्हणून, पत्नीचे म्हणणेही सांगितले : वास दुपारीच उडतो, हाताला कचकच लागते.

अक्काताईंनी चिमूटभर पावडर बोटांत चोळली. मग खिडकीच्या तावदानावर ठेवून अंगठ्याने दाबून घासली आणि पुसली. काचेवर बारीक ओरखडे उमटले होते. त्यांनी पोत्यातली सिलिका तशीच घासून पाहिली. काच स्वच्छ राहिली.

"शेवंता," त्या म्हणाल्या, "मी लेकीच्या बाळंतपणाला निपाणीला गेलतो, तवा माल कुणी आणला?"

शेवंताने हातातली चाळण खाली ठेवली. म्हणाली, "आप्पांनी."

आप्पासाहेब म्हणजे अक्काताईंचे धाकटे दीर. त्यांचा ओतकामाचा लहान कारखाना आहे. कोल्हापुरात अशा भट्ट्या पुष्कळ. निरोप जाताच ते मोटारसायकलवरून आले, आडदांड, मिशाळ आणि अत्यंत समाधानी.

"मुंबईचा माल अडकलेला. लगनसराई तोंडावर. मग माझ्याकडची दोन पोती दिली उसनी," ते म्हणाले. "सिलिकाच की. आनि वैनी, खरं सांगू का? तुमचा त्यो मुंबईवाला तुमास्नी फसवतोय. त्याच्या पोत्यात नुसतं वारं. माझं पोतं दोन गड्यांना उचलत न्हाय. माल म्हंजे कसा वजनदार पायजे."

"त्यात अत्तर मुरलं?"

"चिखल झाला," शेवंता म्हणाली. "मग उनात वाळीवला, कांडला, चाळला. आप्पा म्हणलं, नवा माल हाय, असाच असतोय."

ज्या दळलेल्या गारगोटीने भट्टीचे साचे लिंपतात, ती या सहा जणींनी कांडली आणि चाळली होती. आणि ऊन दाखवल्याबरोबर अत्तर उडून गेले होते. माझा संताप, जो तासाभरापूर्वी निराधार ठरला होता, तो दुप्पट होऊन परत आला. मी आप्पासाहेबांना ती धूळ काय करते ते सांगितले. जिना सांगितला, कठडा धरून उभी राहिलेली माणसे सांगितली. आवाज चढला असणार, कारण शेजारचे लोक कुंपणाशी जमले. आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावरचे समाधान हळूहळू उतरले.

"पर पावणं," ते शेवटी म्हणाले, "माझ्याकडची पोरं रोज त्यातच असत्यात."

"त्याविषयी मी आपल्याला स्वतंत्रपणे लिहीन," मी म्हणालो. लिहितो आहे. माझी सहा पत्रे गेली आहेत. साचे फोडण्यापूर्वी आता पाणी मारतात, कामगारांच्या छातीची तपासणी एकदा झाली आहे आणि धूळ अडवणाऱ्या तोंडावरच्या जाळ्यांच्या प्रश्नावर आमचा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे.

अक्काताई मात्र दाराकडे वळल्या. त्यांनी बायकांना बाहेर बोलावले, शेडचे दार ओढले, कुलूप लावले आणि किल्ली माझ्यासमोर धरली.

"लिवलं हुतं तसं लावलं. किल्ली तुमच्याजवळ ठेवा. माज्याजवळ असली तर उद्या मोह हुईल."

मी एकतीस वर्षांत कोणत्याही पक्षकाराकडून सुपारीचे खांडही घेतले नव्हते. सहा घरांची कामे त्या किल्लीत होती, हे शेवंताच्या नजरेवरून मला दिसत होते. मी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. तिथे ती फार जड लागली.

दुसरा दिवस : कोडोलीमार्गे शाहूवाडी

त्या तुकडीचे डबे दुकानदुकानांत पोचले होते. विक्रीच्या वहीवरून यादी करून ते परत आणायचे ठरले. आप्पासाहेबांनी आपला टेम्पो काढला, प्रायश्चित्त म्हणून स्वतः चालवायला बसले आणि वाटभर एकदाही हॉर्न वाजवला नाही. ते मोठेच प्रायश्चित्त असल्याचे अक्काताईंनी मला सांगितले.

पन्हाळ्याचा डोंगर डाव्या हाताला धुक्यात बसलेला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादे गुऱ्हाळ, आणि त्याच्या धुराबरोबर येणारा कढत्या काकवीचा दरवळ. आमच्या नाशिककडे द्राक्षांना माणसे औषधाचे फवारे मारताना दिसतात. येथे माणसे नुसती उसाच्या कडेला उभी राहून मोठमोठ्याने बोलत असतात. आधी मला वाटले, भांडण चालले आहे. अक्काताई म्हणाल्या, "न्हाय, ख्यालीखुशाली इचारत्यात."

कोडोलीच्या दुकानदाराने डबे देण्यास नकार दिला. "गिऱ्हाईकाची तक्रार न्हाय, माझी न्हाय. मग तुमाला काय झालं? लेखी द्या."

लेखी म्हटल्यावर मी सरसावलो. पिशवीतून कागद काढून दुकानाच्या फळीवरच मसुदा लिहिला : "ज्याअर्थी उपरोक्त उत्पादनाच्या विवक्षित तुकडीत अनवधानाने अनुचित घटकद्रव्याचा अंतर्भाव झाल्याचे निदर्शनास आले आहे, त्याअर्थी…" आणि तो अक्काताईंना वाचून दाखवला.

"झालं?"

"अजून तीन परिच्छेद आहेत."

"अण्णा, एवढं वाचेपातूर पावडर लावून झाली असंल. लिवा : ह्या डब्यातली पावडर लावू नका. परत द्या. आमचं चुकलं. मगदूम."

मी लिहिले. तीन वाक्ये आणि खाली नाव. दुकानदाराने ते दोनदा वाचले, आत गेला आणि डबे आणून टेम्पोत ठेवले. "चुकलं म्हणून कुणी लिवून दिल्यालं पयल्यांदाच बघतोय," तो म्हणाला आणि कागद त्याने काउंटरच्या काचेखाली सरकवला. त्या दिवशी मी असे बरेच कागद लिहिले. माझ्या हातून इतके कमी शब्द कधीही गेले नव्हते, आणि इतके तातडीचे परिणामही कधी झाले नव्हते. दुपारपर्यंत मला विशीतल्या माणसासारखा उत्साह आला होता.

शाहूवाडीकडे वळल्यावर मुलूखच बदलतो. उसाची भिंत संपते, डोंगर जवळ येतात आणि त्यांच्या पोटाशी भाताची खाचरे पायऱ्यांसारखी उतरत जातात. कापणी आटोपली होती. खळ्यांवर झोडपणी चालू होती आणि नव्या भाताचा वास वाऱ्यावर होता. समोरून येणाऱ्या उसाच्या गाडीला वाट देताना टेम्पोचे चाक ओल्या खाचरात गेले. मी ढकलण्यास उतरलो, चाक फिरले आणि मी कोटासह चिखलाने न्हाऊन निघालो. खळ्यावरचे चारजण न बोलावता आले, टेम्पो उचलून रस्त्यावर ठेवला आणि एकजण मला म्हणाला, "पावणं, लावणी झाली की संपून."

यादीत शेवटी उरले ते एक लग्नघर. मुलीच्या आईने रुखवतात मांडण्यासाठी आणि आत्या-मावश्यांना देण्यासाठी बारा डबे एकदम नेले होते. आम्ही पोचलो तेव्हा मांडवात हळद चालली होती. पारूबाई, नवऱ्या मुलीची आई, कोपरापर्यंत पिवळी. अक्काताईंनी सगळ्या बायकांसमोर, आवाज न दबवता सांगितले की पावडर वाईट आहे, चूक आपली आहे आणि डबे नेण्यास आलो आहोत.

पारूबाई हळदीच्या हातांनीच पुढे आल्या.

"उद्या बाराला लगीन," पारूबाई म्हणाल्या, "आनि आज माज्या रुखवताचं डबं उचलतीस?"

"उचलतो."

"मग त्या जागी काय मांडू? तुजं तोंड?"

"मांडलं असतं, पर त्याला झाकण न्हाय," अक्काताई म्हणाल्या. एकदोघी हसल्या, पारूबाई हसल्या नाहीत.

"दुसरं आणून दे."

"कारखान्याला कुलूप हाय."

"उघड की मग."

"किल्ली माज्याकडं न्हाय."

"कुणाकडं हाय?"

अक्काताई पदर सावरू लागल्या. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. आप्पासाहेबांनी मात्र पाहिले, आणि त्यांच्यामागोमाग साऱ्या मांडवाने. चिखलाने माखलेला एक परका म्हातारा फाईल छातीशी धरून उभा होता. या बाईची वीस वर्षांची पत उद्याच्या बारा वाजेपर्यंत टिकते की जाते, हे माझ्या खिशात आहे, एवढे मला समजले. मी विचारले, "अक्काताई, शेडमधले ते हलके पोते पुरेल?"

"बारा डब्यांना पुरून उरंल."

"उद्या सकाळी सहाला मी स्वतः कुलूप उघडीन. माल माझ्यासमोर होईल."

पारूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. "ह्ये कोण?"

"तक्रारदार," अक्काताई म्हणाल्या.

तिसरा दिवस : अत्तर पिणारी भुकटी

न्यायालयात मी मोहोरबंद झालेली कितीतरी दारे पाहिली. कुलूप उघडण्याचे काम माझ्याकडे कधीच आले नव्हते. सहाला किल्ली फिरवली तेव्हा सहाही जणी आधीच दारात होत्या. आप्पासाहेबांची उरलेली गारगोटी आणि परत आलेले डबे आदल्या संध्याकाळीच पाणी मारून बाजूला ठेवले होते. शेड ओल्या फडक्याने दोनदा पुसून काढली. शेवंताने मलाही नाकाला बांधायला फडके दिले. "बांधा. न्हायतर स्वतःलाच पत्र लिवाय लागंल."

आणि मग मी ते पाहिले, ज्यासाठी वाचकांनी खरोखर उचगावला जावे. स्टीलच्या पातेल्यात ती पांढरी भुकटी ओतली तेव्हा ती पाण्यासारखी सांडली, तिच्यात लाट उठली. अक्काताईंनी मोगऱ्याच्या तेलाची धार धरली आणि लाकडी उलथण्याने हलक्या हाताने भुकटी खालीवर केली. तेल दिसेनासे झाले. मी चष्मा पुसला. पुन्हा धार, पुन्हा काही नाही. भुकटी कोरडीच्या कोरडी. तिच्या स्वतःच्या वजनाइतके तेल तिने पोटात घेतले आणि तरीही ती बोटांना ओली लागली नाही, गुठळी झाली नाही. मी मुलासारखा हट्ट धरून एक धार स्वतः ओतली. मुठीत घेऊन दाबले. मूठ उघडली तर भुकटी भुरभुरली, आणि हातावर तेलाचा थेंब नाही. गेले कित्येक महिने ज्या शब्दावर मी दातओठ खात होतो, तो शब्द माझ्या तळहातावर मोगऱ्यासारखा दरवळत होता.

शंखजिऱ्यात ती मिसळून, चाळून, डबे भरेपर्यंत साडेनऊ झाले. आप्पासाहेबांनी या खेपेला मात्र हॉर्न वाजवला, अगदी शाहूवाडीपर्यंत.

मांडवात अक्षतांची गडबड उडाली होती. नवरी आत, शालू नेसून, सगळा साज झाल्यावर पावडरीसाठी खोळंबलेली. अक्काताईंनी डबा पुढे केला. पारूबाईंनी तो घेतला नाही. मांडवातल्या साऱ्या बायका पाहत होत्या. पारूबाईंनी आधी स्वतःच्या हिरव्या बांगडीवर चिमूटभर पावडर घासली, उजेडात धरून पाहिली. ओरखडा नव्हता. तरीही त्यांचे समाधान झाले नाही.

"तक्रारदार कुठं हायत? म्होरं या." मी पुढे झालो. "तक्रार तुमची. आदी तुमाला लावतो. मग माज्या लेकीला."

मी हात पुढे केला. त्यांनी डबा उपडा करून मनगटापासून कोटाच्या बाहीपर्यंत, चिखलाच्या वाळलेल्या डागांवरसुद्धा, सढळ हाताने पावडर चोळली, वास घेतला आणि मग मागे वळून म्हणाल्या, "लावा गं पोरीला."

अक्काताई मांडवाच्या खांबाला टेकल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला तो पावडरीमुळे, असे त्या म्हणाल्या. आप्पासाहेबांनी रुखवतात अकरा डबे स्वतः मांडले, एकेक उचलून, जणू प्रत्येकाचे वजन करीत.

त्याच संध्याकाळच्या गाडीने मी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला घरी पोचलो, तेव्हा कोटावर दोन जिल्ह्यांची धूळ होती, दाढी वाढलेली होती आणि फाईलची फीत वाटेत कुठे तरी सुटून गेली होती. पत्नीने दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि पिशवी हातातून घेता घेता थांबली : बाहीला मोगरा अजून दरवळत होता आणि कॉलरमध्ये अक्षता अडकल्या होत्या.

"अहो," ती म्हणाली, "भांडायला गेला होतात ना? मग हे लग्न कोणाचं होतं?"